नाव माझं, मान तिचा

मित्रांनो, आदिलाबादकडच्या बेल्याच्या बाजारात हल्ली कोणी 'फुकनी आली' म्हटलं की भल्याभल्यांचे हात खिशातल्या गाडीच्या किल्लीकडे जातात. ती बारच्या दारात असते, पोलिसाच्या मुठीत. एरवी मिशीला पीळ देणारे तिच्यापुढे शाळेतल्या पोरासारखे तोंड पुढे करून उभे राहतात. चहाच्या टपरीवर तिची चर्चा, ऑटोत तिची चर्चा, पाणवठ्यावर तिची चर्चा. आणि तिला म्हणतात काय, तर फुकनी!

ते नाव माझं आहे. मी बयनाबाईच्या चुलीजवळची जुनी फुंकणी. पुस्तकात फुंकणी लिहितात, आमच्या गावात फुकनी म्हणतात, तुम्ही कसंही म्हणा. लोखंडाची, हातभर लांब, दोन्ही तोंडं मोकळी. एका तोंडानं माणसानं फुंकायचं आणि दुसऱ्या तोंडानं मी निखाऱ्याला जागं करायचं. काम साधं, पण माझ्यावाचून या घरात कधी भाकर भाजली गेली नाही. तेव्हा माझी कहाणी नीट ऐका. दात काढू नका.

मी जन्माची फुंकणी नाही. आधी मी एका सायकलीचा मधला दांडा होते. सायकल उद्धवरावांची, म्हणजे बयनाबाईच्या नवऱ्याची. उद्धवराव शेतात कापूस लावणारे साधे माणूस, पण सायकलीवर बसले की स्वतःला तहसीलदार समजायचे. माझ्यावर टॉवेल गुंडाळायचे आणि त्यावर बसायचा त्यांचा लहानगा जीवन. हँडल धरून तो तोंडानं फटफटीचा आवाज काढायचा. डुर्रर्र! डुर्रर्र! त्याला माझ्याइतकी दुसरी कुठलीच जागा आवडत नव्हती. आईची मांडीसुद्धा नाही, हे मी मुद्दाम सांगते.

एका बाजाराच्या दिवशी परतताना उद्धवरावांनी शिंदीच्या झाडाशी सायकल टेकवली. पोराच्या हातात बोरं दिली आणि स्वतः शिंदी प्यायला बसले. पोटभर प्यायले. मग पोराला पुन्हा माझ्यावर बसवलं आणि निघाले. पुढे नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, लागतो. त्याला कठडा नाही. माणूस शुद्धीत असेल तर म्हातारी शेळीसुद्धा त्याच्यामागून तो रपटा पार करते. उद्धवरावांना तो सापासारखा हलताना दिसला. सायकल खाली गेली. मी पोराला धरून ठेवायला हात कुठून आणू? जीवनची हनुवटी दगडावर फुटली. ती शिवली, भरली, पण आज बापाएवढा झाला तरी त्या जागी त्याची दाढी उगवत नाही.

बयनाबाई ओरडली नाही. रडलीही नाही. ती वाकडी सायकल तिनं खांद्यावर घेतली आणि बाभळीखाली बसणाऱ्या लोहारापुढे आणून टाकली.

"हा दांडा काप. मले याची फुकनी करून दे."

लोहार म्हणाला, "बाई, सायकलीचा दांडा हाये. फुकनीले जाड पाईप पायजे. हा हलका पडते."

"हलका मानूस सायकलीवर बसला, म्हनून तर हे झालं. तू काप."

अशी मी झाले. लोहारानं माझी दोन्ही तोंडं घासून गुळगुळीत केली. ओठ कापू नये म्हणून एका तोंडाला कड वळवून दिली. ती कड आजही आहे. या हो, येऊन बघा. त्या प्लास्टिकच्या बयेला असली कड आहे का?

मित्रांनो, आता माझ्या भरभराटीचे दिवस ऐका. संध्याकाळी उद्धवराव शेतातून किंवा बाजारातून आले की बयनाबाई चुलीपुढून उठायची नाही. भाकर तव्यावर, हात पिठात, आणि मी तिच्या मांडीजवळ. ती मला उचलून नवऱ्यापुढे धरायची.

"पहिले फुका. मंग भाकर."

पहिल्यांदा उद्धवरावांना वाटलं, चूल पेटवायला सांगतेय. त्यांनी वाकून फुंक मारली. बयनाबाईनं माझं दुसरं तोंड चुलीकडे नेलंच नव्हतं, स्वतःच्या नाकाखाली धरलं होतं. वास आला. तिनं भाकर फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवून दिली आणि म्हणाली, "ज्याच्या घरी पिले, त्याच्याच घरी जेवा." उद्धवराव त्या दिवशी उपाशी झोपले. त्यानंतरही बरेचदा झोपले. मग हळूहळू माझ्यातून चहाचा वास येऊ लागला, तंबाखूचा येऊ लागला, कधी नुसता कांद्याचा. बयनाबाईनं बारीक हसून भाकर वाढली की मला वाटायचं, हे माझ्यामुळे.

ही गोष्ट गावात पसरायला किती वेळ लागणार? दुसऱ्या घरच्या बायका मला मागायला यायच्या. "बयनाबाई, तुमची फुकनी द्या ना व. आज आमचे बाजारातून येऊन राह्यले." घरोघरी फुंकण्या होत्या, पण मागणी मला होती. मी पदराखालून जायची आणि पदराखालून परत यायची. ज्या घरात मी गेले त्या घरच्या माणसाचं तोंड दारातच उतरायचं. तेव्हा पोलीस कुठे होते? मशीन कुठे होती? तिचं प्लास्टिक तेव्हा वितळायचंही होतं.

आणि एक सांगते, कारण ते पुढे लागणार आहे. मला फुंक कळते. खरी फुंक पोटातून येते आणि माझ्या अंगातून सरळ धावत जाते. पण काही माणसं फुंक चोरतात. जसं कोणी काम करताना अंग चोरतं, तसं. गाल टम्म फुगवतात, डोळे मोठे करतात, आवाज काढतात, आणि आतून हवा मात्र सोडत नाहीत. जीवनची बायको सुवर्णा नवी नवरी होती तेव्हा अशीच फुंक चोरायची. घरभर धूर. बयनाबाई म्हणायची, "पोरी, फुकनीले फसवशील, चुलीले कशी फसवशील?" सुवर्णा शिकली. जीवनला मात्र शिकवावं लागलं नाही. पावसात भिजलेल्या कापसाच्या काड्या, आमची पऱ्हाटी, तीसुद्धा तो एका दमात पेटवायचा. त्याची फुंक माझ्यातून गेली की राख छपराला लागायची. या घरातली सगळ्यात चांगली फुंक त्याची. मला ती फार आवडायची.

मग गॅस आला. सुवर्णानं बटण फिरवलं आणि निळी आग भप्पकन उभी राहिली. कोणी वाकलं नाही, कोणी फुंकलं नाही. मी फडताळाच्या खाली गेले. माझ्यानं कधी उंदीर मारला, कधी कुत्रं हाकललं, कधी दार उघडं राहावं म्हणून मला फटीत अडकवलं. थंडीत अंघोळीच्या पाण्याची चूल अंगणात पेटायची तेवढ्यापुरती आठवण. माझ्या आत एका किड्यानं मातीचं घर बांधलं. हे सांगताना मला लाज वाटते, पण फुंकणीच्या पोटात घर होऊ दिलं ही लाज त्यांची, माझी नाही.

अशात एक दिवस ओसरीवर माझं नाव ऐकलं.

सुवर्णा बाजारातून येऊन सासूला सांगत होती. "मामीजी, बारपुढं पोलीस उभे हायेत. बाहेर निघनाऱ्याले धरतात अन् म्हनतात, ऊदु, ऊदु."

बयनाबाई कापसातला कचरा वेचत होती. तिचा हात थांबला. "ऊद? पोलीस बारपुढं ऊद जाळून राह्यले? काऊन, दारूड्याइची नजर काढाले?"

उद्धवराव खाटेवरून खदखदून हसले. "अवं, ऊद नाही. तेलुगूत ऊदु म्हनजे फूक. त्याइच्या जवळ फुकनी हाये. तिच्यात फुकाले लावतात. पिला असन तर गाडीच चालवू देत नाही. किल्ली काढून घेतात."

"कोनाची फुकनी?"

"सरकारची."

माझ्या अंगावरचा गंज शहारला. मला वाटलं, माझी कीर्ती बेल्यापर्यंत गेली! सरकारनं माझ्यासारख्या फुंकण्या करून घेतल्या! आता मला कोणी तरी बोलावणं धाडेल, चिंचेनं घासेल. सगळी दुपार मी त्या आनंदात काढली. मग जीवन आला आणि त्यानं मोबाइलवर आईला तिचा फोटो दाखवला. ती मुठीत मावणारी, काळी, प्लास्टिकची. पोटावर काचेची खिडकी. वर पांढरी नळी, तीही दर माणसाला नवी. एकाचं तोंड लागलं की नळी फेकून देतात!

मी किती पिढ्यांची तोंडं एकाच कडेवर झेलली, मित्रांनो. आणि हिला दर तोंडाला नवा दागिना. हिला आगीजवळ जायचं नाही, धूर गिळायचा नाही, राख खायची नाही. नुसतं पोलिसाच्या हातात बसायचं आणि 'टूं' म्हणायचं. त्यावर बयनाबाई काय म्हणाली माहीत आहे? "बरं झालं बाप्पा. बायाइचं काम पोलिसानं घेतलं." आणि पुन्हा कचरा वेचू लागली. माझ्याकडे एकदा बघितलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून मी त्या सटवीला मनातून शिव्या देऊ लागले. तिची बॅटरी उतरो. तिची खिडकी फुटो. पावसात भिजो.

आता जीवनचं ऐका. मुलगा वाईट नाही. शेती करतो, बापाला दवाखान्यात नेतो, मुलीवर जीव टाकतो. पण बाजाराच्या दिवशी दोस्तांबरोबर बारमध्ये बसायची सवय लागली होती. घरी येईपर्यंत उतरलेली असायची, म्हणून घरात कोणाला नीट कळत नव्हतं. मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

त्याची मुलगी मयूरी आदिलाबादला राहून शिकते. अजून इतकी लहान की दप्तर तिला ओढत नेतं असं वाटावं. तिची सुट्टी लागणार होती. बाजाराच्या दिवशी बस तिला बेल्याला सोडणार आणि जीवन गाडीवरून घरी आणणार असं ठरलं. सुवर्णा म्हणाली, "त्या दिवशी तरी बसू नका कुठं."

"हाव ना. पोट्टीले आनाले जाऊन राह्यलो, कुठं बसतो?"

असं म्हणाला खरा. पण दुसऱ्याच दिवशी त्याचा दोस्त प्रज्वल आला आणि दोघं गोठ्यामागं गेले. जाताना जीवननं फडताळाखाली हात घालून मला काढलं! आपटून किड्याचं घर झाडलं. पँटीला माझं तोंड पुसलं. मला रडूच यायचं बाकी होतं.

प्रज्वल म्हणाला, "जीवनभाऊ, त्या मशीनले फसवनं लय सोपं हाये. गाल फुगव. डोये मोठे कर. नरड्यातून आवाज काढ. पन हवा सोडू नको. पोलिसाले वाटते, मानूस फुकून राह्यला."

"अन् जमलं नाही तं?"

"म्हनून तं फुकनी आनाले लावली. शिक हिच्यात."

आणि माझा जीवन, राख छपराला लावणारा जीवन, माझ्या तोंडाला तोंड लावून फुंक चोरायला शिकू लागला. खरं तर मला राग यायला हवा होता. पण मला दुसरंच सुचलं. वाटलं, शिक बाळा, चांगला शिक. त्या प्लास्टिकच्या बयेची चारचौघांत फजिती कर. तिला काही कळत नाही हे एकदा लोकांना दिसू दे. मग म्हणतील, मशीन कशाची, बयनाबाईची फुकनीच खरी. हेवा माणसाला आंधळं करतो म्हणतात, मी तर दोन्ही बाजूंनी मोकळी, तरी मला आरपार दिसलं नाही.

सुवर्णानं गोठ्याकडून येऊन सासूला सांगितलं, "मामीजी, हे फुकनी घेऊन गाल फुगवून राह्यले. बेडकावानी."

"आग पेटवून राह्यला का?"

"आग नाही, काडी नाही. नुसते गाल."

बयनाबाईनं खुंटीवरची थैली काढून झटकली. सायकल खांद्यावर घेतली होती तेव्हा जसा तिचा चेहरा होता, तसाच झाला.

बाजाराचा दिवस उजाडला. जीवन गाडी काढून लवकरच गेला. "बस येईपर्यंत सरकीचा भाव पाहून घेतो," म्हणाला. तो वळणापलीकडे जाताच बयनाबाईनं मला थैलीत घातलं.

उद्धवरावांनी विचारलं, "कुठं चालली व?"

"लोहाराकडे. फुकनीची कड उसवली."

माझी कड अजिबात उसवलेली नव्हती! पण मी म्हटलं, असो, घासून तरी देईल. ऑटोत मी थैलीतून तोंड बाहेर काढून बसले होते. बेल्याला उतरलो. बाभळीखाली लोहाराचा भाता सूं सूं करत होता. आम्ही त्याच्यासमोरून गेलो. तो म्हणाला, "बयनाबाई, रामराम." ती म्हणाली, "रामराम," आणि थांबली नाही. मडक्यांची दुकानं गेली, मिरचीची गेली, बस थांबते ते झाड गेलं. मयूरी तिथं नव्हती. बस येऊन गेली होती. बयनाबाईची पावलं जलद झाली. तेव्हा मला कळलं की आम्ही कुठे चाललो आहोत.

बारपुढे गर्दी होती. मी थैलीतून वर बघितलं आणि अखेर ती मला दिसली.

शिपायानं तिला मनगटाला दोरीनं बांधलं होतं, हरवू नये म्हणून. रुमालानं तिची काच पुसत होता. मला कधी कोणी पुसलं ते धोतराच्या सोग्यानं किंवा पँटीला. आणि तिच्यासमोर माझा जीवन उभा होता. त्याचे डोळे तांबारलेले होते. त्याच्या बाजूला प्रज्वल.

"ऊदु, ऊदु," शिपाई म्हणाला.

जीवननं गाल फुगवले. नरड्यातून घूं आवाज काढला. मशीन दोनदा टुंटुं करून गप्प बसली. काचेत काहीच आलं नाही.

"पूरा नहीं आया. फिर से. गट्टिगा ऊदु!" म्हणजे जोरात फुंक.

पुन्हा तेच. पुन्हा टुंटुं. जीवन म्हणाला, "फुकलो ना साहेब! दोनदा फुकलो. तुमची मशीनच खराब हाये."

"बॅटरी उतरली, साहेब," प्रज्वल म्हणाला.

गर्दीलाही तेच हवं होतं. "हाव, मशीन बिघडली!" "जाऊ द्या त्याले!" "गरिबाले कायले तरास देता?" शिपाई मशीन उलटीसुलटी करून बघू लागला. त्याच्या कपाळावर घाम आला. मित्रांनो, त्या क्षणी माझ्याइतकं सुखी बेल्यात कोणी नव्हतं. पडली तोंडघशी! मी थैलीत नाचायचीच बाकी होते.

आणि मग मी आवाज ऐकला.

"डुर्रर्र! डुर्रर्र!"

बारच्या दाराला लागून जीवनची गाडी उभी होती. तिच्या पेट्रोलच्या टाकीवर मयूरी बसली होती. दप्तर पुढ्यात, हात हँडलवर, पाय लोंबतायत. बापानं तिला 'इथंच बस, आता येतो' म्हणून बसवून ठेवलेलं. ती तोंडानं गाडी चालवत होती. तीच जागा, मित्रांनो. टॉवेल गुंडाळलेली माझी जागा. घरी जायचा रस्ताही तोच, त्या रपट्यावरून.

माझं सगळं नाचणं थांबलं. मी त्या सटवीकडे बघितलं आणि मनात म्हटलं, बाई, तुला काय हवं ते नाव घे, दागिने घे, पण याला धर. याला सोडू नको.

तिनं ऐकलं की नाही, ठाऊक नाही. बयनाबाई मात्र गर्दीत घुसली.

"सरका. मी याची माय हाये."

जीवनचा चेहरा राखेसारखा झाला. "माय, तू कायले आली?"

"लोहाराकडे आलती. फुकनी दुरुस्त झाली का पाहू म्हटलं." तिनं मला थैलीतून काढलं. वाकून रस्त्यावरची चिमूटभर धूळ घेतली आणि डाव्या तळहातावर ठेवली. माझं एक तोंड त्या धुळीवर धरलं आणि दुसरं पोराच्या तोंडापुढे. "फूक."

"माय, लोकं पाहून राह्यले."

"लोकाइलेच तं दाखवायचं हाये. मशीन खराब असन, पन धूळ तं खराब नाही होत ना? फूक."

जीवननं गाल फुगवले. घूं आवाज काढला. तळहातावरच्या धुळीचा एक कणसुद्धा हलला नाही. माझ्या अंगातून काहीच गेलं नाही. गोठ्यामागं तो चांगलाच शिकला होता.

गर्दीतून कोणीतरी फिसकन हसलं. दुसरा म्हणाला, "अबे, हा तं फूकच चोरून राह्यला!" प्रज्वल हळूच मागे सरकला.

बयनाबाई मात्र हसली नाही. "ओली पऱ्हाटी पेटवत होता तू हिच्यानं. छपराले राख लावत होता. आज तळहातावरची धूळ हलेना तुझ्यानं?" मग तिचा आवाज इतका खाली आला की तो फक्त त्याला आणि मला ऐकू आला. "हनुवटीले हात लाव."

जीवनचा हात आपोआप हनुवटीवर गेला. दाढी न उगवणाऱ्या त्या जागेवर. त्यानं मान वळवून टाकीवर बसलेल्या पोरीकडे बघितलं.

"बाबा, चला ना," मयूरी म्हणाली. "मी कवाची गाडी चालू करून बसली."

मी त्याच्या तोंडापुढेच होते, मित्रांनो. वाट बघत होते. म्हटलं, आता येईल. ती जुनी फुंक, पोटातली, जिची मी इतकी वर्षं फडताळाखाली वाट बघितली. माझ्यातून जाईल, धूळ उडेल, बयनाबाईच्या नाकाला वास लागेल आणि सगळ्या बाजाराला कळेल की खरी कोण.

त्यानं मला हातानं बाजूला सारलं. शिपायाकडे वळला आणि म्हणाला, "द्या साहेब."

आणि ती फुंक त्यानं तिच्यात मारली. पूर्ण. डोळे मिटून, पोट आत जाईपर्यंत.

ती लांब टूंऽऽ करून ओरडली. काच लाल झाली. शिपाई म्हणाला, "पिया है." बस, एवढंच. जीवननं स्वतःच खिशातून किल्ली काढली.

शिपायानं किल्ली बयनाबाईच्या हातात ठेवली. "अम्मा, चाबी आप रखो. कल सुबह होश में आके गाडी ले जाने को बोलो." मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तो लहान मुलासारखा हसला. "अरे! ऊदुगोट्टं! हमारी अम्मा के पास भी थी." त्यानं मला हातात घेतलं आणि दुर्बिणीसारखं डोळ्याला लावून आरपार बघितलं. ऊदुगोट्टं म्हणजे फुंकायची नळी. बघा, परक्या भाषेतसुद्धा नाव माझंच आहे! दोन क्षण ती सटवी त्याच्या मनगटाला नुसती लोंबत राहिली आणि मी त्याच्या हातात होते. मग त्यानं मला परत दिलं, तिला नवी नळी लावली आणि पुढच्या माणसाला म्हणाला, "ऊदु."

आम्ही ऑटोनं घरी निघालो. मयूरी रुसली होती. "आजी, गाडीवर काऊन नाही जायचं?"

"गाडी आज पोलीसकाकाच्या घरी पाहुनी गेली."

"अन् आपून?"

"आपून आपल्या घरी. जित्ते."

जीवन कडेला बसून बाहेर बघत होता. मयूरीला मी सापडले. तिनं मला तोंडाला लावून 'पूऽऽ' केलं. पेरूचा वास असलेली, ओली, खरी फुंक. रपटा आला तेव्हा ऑटोवाल्यानं गाडी हळू केली आणि आम्ही पलीकडे गेलो.

दारात उद्धवराव उभे होते. पोराचं तोंड बघून त्यांना सगळं कळलं. म्हणाले, "लाजू नको बाप्पा. मी लय वर्सं हिच्यात फुकलो. मेलो तं नाही." आणि बयनाबाई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

आता मी फडताळाखाली नाही. दाराजवळ एका खिळ्याला दोरीनं टांगलेली आहे, आणि त्याच खिळ्याला, माझ्या मागे, गाडीची किल्ली. मला उचलल्याशिवाय किल्ली निघत नाही. बाजारातून आला की जीवन स्वतः मला उतरवतो, आईपुढे धरतो आणि फुंकतो. कधी वास येतो, कधी येत नाही. वास आला की किल्ली दोन दिवस बयनाबाईच्या कमरेच्या पिशवीत जाते आणि तो बसनं फिरतो. माणूस एका फुंकीत सुधारत नाही. उद्धवरावांनाही वर्षं लागली.

मला मान परत मिळाला, तरी त्या दिवसाची ती फुंक अजून माझ्या मनातून जात नाही. ज्या पोराला मी माझ्या अंगावर बसवून वाढवलं, त्यानं सगळ्यात खरी फुंक तिला दिली. पोरगी सुखरूप घरी आली, ते तिच्यामुळेही आली, हे मी कबूल करते. तोंड वाकडं करून का होईना, पण करते. तिनं तिचं काम केलं. रस्त्यावर ती हवी. घराच्या दारात मी हवी.

तेव्हा मित्रांनो, घरची जुनी वस्तू गंजायला टाकू नका, तिला कधीतरी घासूनपुसून ठेवा, तिनं तुमची खूप तोंडं ओळखलेली असतात. मोठे झालात, गाडी हाती आली, आणि कोणी आईनं, बायकोनं किंवा पोलिसानं तोंडापुढे नळी धरली, तर पोटातून फुंका. फुंक चोरू नका. गाडीवर तुमच्या पुढ्यात कोण बसलं आहे ते बघा आणि फुंका.

आणि एक राहिलं. तिला मशीन म्हणा. फुकनी मी आहे.